इंटरप्ट आणि गोळधाण्याचं ताट

१२ जानेवारी १९७८, गुरुवार

नुसता संताप! अलकापुरीचे जयवंतराव मुलाला घेऊन आले होते. आपल्या हेरंबसाठी आमच्या निरूला पसंत करून गेले. कमुरता, म्हणजे इथला अशुभ महिना, उतरला की रविवारी सोयरिकीचा गोळधाणा. मी एवढंच विचारलं, "निरूच्या एम.ए.चं काय?" — तर आमचा रमाकांत, पोटचा पोरगा, पाहुण्यांदेखत म्हणतो, "आई, डोन्ट इंटरप्ट!" सूनबाई तोंडाला पदर लावून हसली. चिवडा मी केलेला चालतो. बोललेलं चालत नाही!

१३ जानेवारी

निरूला अर्थ विचारला. नात गुणाची. "आजी, कोणी बोलत असताना मधेच तोडायचं. चढलेला पतंग कापतात ना, तसं." बोलणंच असं नाही म्हणे — झोप होते इंटरप्ट, काम होतं, वीज गेली की रेडिओवरचं गाणंसुद्धा. मी तीन बुकं शिकलेली, पण शब्द कसा झटकन बसला जिभेवर! सकाळी दूधवाला उद्याची सुट्टी सांगायला "बा, काले रजा—" म्हणतोय तोच मी, "डोन्ट इंटरप्ट!" बिचारा लोटा धरून उभाच.

पण या घरात मला कोण नाही करत इंटरप्ट? मुलगा करतो, सून करते, कुकरची शिट्टी करते. त्यांना कोणी डोन्ट म्हणत नाही!

निरूला विचारणार होते, मुलगा तुला खरंच आवडला का गं — तर तिचा बाप आत आला. राहिलं.

१४ जानेवारी

उत्तरायण. गच्चीवर दिवसभर पतंग नि "काप्यो! काप्यो!" रमाकांतला तीळगूळ दिला. गोड बोल म्हटलं. "हां हां."

१५ जानेवारी, रविवार

बरी जिरवली!

गोळधाणा ही गुजराथ्यांची रीत, पण आता आम्हीही तीच धरलीय. गूळ नि धणे घरातल्या थोरल्या बाईनं हातावर ठेवायचे. तोंडात गेले की सोयरीक पक्की. ताट माझ्या हातात, जयवंतरावांचा हात पुढे — आणि निरू उठली. "बाबा, मला सांगायचंय, मी—"

"नंतर, नंतर."

"ऐका तर, मी—"

"निरू, गप बस!"

माझं टाळकंच सटकलं. ताट पदराखाली घेतलं. "रमाकांत, डोन्ट इंटरप्ट! पोरीला हे लग्न नाही करायचं. मी गोळधाणा देणार नाही!"

जयवंतराव चपला शोधायला लागले. हेरंब निरूकडे बघतच राहिला. मग तोही गेला. रमाकांत माझ्याशी बोलत नाही. नाही तर नाही!

१६ जानेवारी

निरूचे डोळे सुजलेत.

"आजी, मी सांगणार होते की लग्न परीक्षेनंतर करू. हेरंबचं नि माझं ठरलं होतं तसं, गुरुवारी गॅलरीत. मला आवडलाय तो."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तू बोलू कुठे दिलंस?"

ताट तसंच झाकलेलं आहे. रमाकांतला स्कूटर काढायला सांगितलीय. निरू रिक्षानं येईल. अलकापुरीत तीच बोलेल. मी नुसतं ताट धरणार.