माणूस, जिना, खरा

आदरणीय भाऊजी,

तुमच्या पायांना नमस्कार, आणि त्या पायांत सदैव गुंतलेल्या वायरींनाही. ताईलाही नमस्कार (ती मोठी असल्यामुळे आशीर्वाद देता येत नाहीत, नाहीतर माझ्याकडे बरेच साठलेत). तुमचा मोतीबिंदू पिकला की अजून डॉक्टर नुसतेच थांबा म्हणताहेत? हे पत्र ताई तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवत असेल, म्हणून अक्षर मुद्दाम गोल काढलं आहे. तुम्ही आरामखुर्चीत डोळे मिटून बसला असाल, तोंडात पेपरमिंटची गोळी असेल आणि ती या गालातून त्या गालात जाताना तुमच्या त्या बसवलेल्या दातावर आपटून टक् वाजत असेल. मला इथे बसून दिसतं सगळं. ऐकूही येतं. ते ऐकू येण्याबद्दलच थोडं लिहायचं आहे, पण ओघात येईल.

माझी तब्येत ठीक. डावा पाय थंडीत कुरकुरतो, पण आता त्याच्याशी माझं पटतं. कामही चालू आहे. मागच्या आठवड्यात दोनदा बुडालो, एकदा जळालो आणि एका मगरीने मला खाल्लं (मगरीचा आवाजही मीच दिला, तेव्हा तक्रार करायला जागा नाही). ताईने शेजारीपाजारी मी निवेदक असल्याचं सांगून ठेवलंय, ते तसंच राहू दे. पण तुम्ही इतकी वर्षं काचेपलीकडे बसून माझा आवाज टिपलात, तुमच्यापासून काय लपवायचं? नायक बोलतो, खलनायक हसतो आणि मधल्यामध्ये जो मार खाऊन ओरडतो तो मी. एकदा तरी नायकाचा आवाज व्हावं ही हौस मी तुमच्याखेरीज कुणाजवळ बोललो नाही. तर भाऊजी, तो योग आला आहे. टीव्हीवरच्या मालिकेतला तो महाबली नायक, खुद्द वज्रछाती, त्याचा आवाज मला मिळायची वेळ आहे. फक्त एका गोष्टीवाचून घोडं अडलंय, आणि ती गोष्ट तुमच्याकडे आहे.

झालं असं की दाढ दुखायला लागली म्हणून मी कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. बाहेरच्या खोलीत पाचसहा माणसं गाल धरून बसली होती. एवढ्यात आतून अशी काही किंकाळी आली की माझ्या शेजारचे गृहस्थ आपली दाढ एकाएकी बरी झाल्याचं जाहीर करून चालते झाले. त्यांच्यामागून आणखी दोघं गेली. मी मात्र जागचा हललो नाही, कारण मला हलताच येईना. किंकाळी माझी होती. म्हणजे मी सुजलेलं तोंड मिटून बाहेर बाकावर बसलो होतो आणि आतल्या खोलीत मीच ओरडत होतो. माझी कुठली किंकाळी कुठल्या मालिकेतली हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल, पण ही मी कधीच माइकसमोर दिली नव्हती. (दाढ मात्र दुखायची थांबली, हे कबूल केलं पाहिजे.)

आत गेलो तर खुर्ची रिकामी, आणि डॉक्टर हातात आरसा तसाच धरून टीव्ही बघताहेत! वज्रछातीच्या सातव्या भागात एका पहारेकऱ्याला जिन्यावरून ढकलतात, तो प्रसंग ते तिसऱ्यांदा लावत होते. हे डॉक्टर वज्रछातीच्या चाहत्यांच्या मंडळाचे अध्यक्ष निघाले. रविवारी सकाळी मंडळ त्यांच्या दवाखान्यातच भरतं आणि अध्यक्ष त्या रुग्णाच्या खुर्चीवर बसून, पायाने दाबत दाबत ती पार वरपर्यंत नेऊन, तिथून सभा चालवतात. मी पुढच्याच रविवारी सभासद झालो. किंकाळी कुठून आली ते कळेपर्यंत मला चैन पडणार नव्हती.

तिथे सध्या एकच विषय पेटलाय. जुना वज्रछाती वयामुळे सुटला (छाती जागेवर होती, पण हळूहळू पोटाकडे निघाली होती) आणि नव्या पोराची निवड झाली. या पोराची मान बारीक. अध्यक्षांचं म्हणणं, असल्या मानेवर तो पाठीवरचा झगा बांधला तर शत्रूची गरजच नाही, वाऱ्यानेच फास बसेल. मंडळात गणिताच्या एक बाई आहेत, त्या विरोधी पक्ष. त्या म्हणतात मान वाढवता येते, अक्कल वाढवता येत नाही, पोरगा बरा आहे. पण त्याचा आवाज डासासारखा आहे यावर दोघांचंही एकमत. आणि जुन्या वज्रछातीला आवाज देणारे गृहस्थ जुन्या चेहऱ्याबरोबरच घरी बसले. म्हणजे चेहरा ठरला, आवाज मोकळा. त्यातून नव्या हंगामाच्या पहिल्याच भागात वज्रछातीची शक्ती जाणार, तो जिन्यावरून कोसळणार आणि जन्मात पहिल्यांदा किंचाळणार. या किंकाळीवरच आवाजाची निवड होणार आहे.

आता खरी गंमत ऐका. (गंमत म्हणायची म्हणून म्हणतो.) बाईंनी एका रविवारी उभं राहून सांगितलं की सातव्या भागातली किंकाळी खोटी नाही. कुणीतरी खरोखर पडलेला आहे, आणि आपण चहा पितापिता त्याला पुन्हा पुन्हा पाडतो आहोत, हे त्यांना पटत नाही. यावर असा गदारोळ झाला की बाहेर आलेला एक रुग्ण परत गेला. अध्यक्ष म्हणाले, खरं असेल तर उत्तमच, पडद्यावर कधीतरी खरं काहीतरी आलं. बाई म्हणाल्या, तुमची दाढ भूल न देता काढून तीही दाखवू. शेवटी कधी नव्हे ती तडजोड झाली. हा जो कोणी किंचाळला आहे त्यालाच वज्रछातीचा आवाज द्यावा, असं मंडळाने कंपनीला कळवलं. अध्यक्षांनी सही केली ती कलेसाठी आणि बाईंनी केली ती भरपाई म्हणून. कंपनीने उलट कळवलं की माणूस कोण ते त्यांनाही ठाऊक नाही. एका निवृत्त रेकॉर्डिस्टने जाताना आपला आवाजांचा सगळा संग्रह त्यांना दिला, त्यात ती होती. वर तीनच शब्द लिहिलेले होते: माणूस, जिना, खरा.

भाऊजी, अक्षर मी पाहिलं नाही. पण तुमचा 'ख' मला डोळ्यांसमोर दिसला.

ताईला सगळं नीट माहीत नसेल म्हणून तो दिवस थोडक्यात सांगतो. कुठल्याशा जुन्या मालिकेत एका नोकराला जिन्यावरून पडायचं होतं आणि सकाळपासून मला ते जमत नव्हतं. मी ओरडायचो, काचेपलीकडून तुम्ही बटण दाबून म्हणायचात, "खोटं वाटतं." पुन्हा ओरडायचो. "खोटं वाटतं." तिन्हीसांजेला तुम्ही म्हणालात, जा, खाली जाऊन चहा पिऊन ये. मागच्या जिन्यातला दिवा गेलेला होता. मी निघालो, आणि पुढचं म्हणजे मी तळाशी होतो आणि माझा पाय माझ्या ओळखीच्या दिशेला नव्हता. (त्या अवस्थेतही मी सवयीने वर तोंड करून "टेक ओके?" असं विचारल्याचं मला अंधूक आठवायचं, आणि कुणीतरी "ओके" म्हटल्याचं. इतकी वर्षं मी ते वेदनेमुळे झालेले भास समजून हसण्यावारी नेलं.) तुम्ही सगळ्यांना सांगितलंत की तुम्ही वर काचेच्या खोलीत दार लावून बसला होतात आणि धडधड ऐकून धावलात. त्या खोलीचं दार लावल्यावर बाहेर बॉम्ब फुटला तरी ऐकू येत नाही, असं तुम्हीच अभिमानाने सांगायचात, पण हाड मोडल्यावर माणूस असल्या शंका काढत बसत नाही. शिवाय तुम्ही माझं केलंत किती! रोज इस्पितळात उशाशी येऊन बसायचात, गळ्यात ते रेकॉर्डिंगचं छोटं यंत्र असायचंच. मी कण्हलो की तुम्ही पुढे वाकायचात. मला वाटायचं, केवढी ही माया.

तर गेल्या रविवारी अध्यक्षांनी ती किंकाळी चांगल्या स्पीकरवर, गती कमी करून लावली. किंकाळीच्या आधी पायांचा आवाज आहे, माझ्याच. मग अगदी जवळ, कानात झाल्यासारखं, टक्. मग कापड घासल्याचा आवाज. मग मी. मग बराच वेळ मीच, पायरीपायरीने. मग खोल खालून माझा आवाज, टेक ओके? आणि अगदी जवळून, शांतपणे, ओके.

अध्यक्ष खुर्चीवरून म्हणाले, "पहिला आवाज सोपा आहे. कडक गोळी, चिनी मातीच्या दातावर. वरच्या बाजूचा दात दिसतोय. छान बसवलाय हो!" त्यांना दुसरं काही दिसतच नाही. बाई मात्र फळ्यासमोर उभं राहिल्यासारख्या हळू बोलल्या की गोळी इतकी स्पष्ट येते म्हणजे यंत्र गोळीवाल्याच्या गळ्यात होतं, आणि पडणारा त्याच्या एक पायरी पुढे. मी म्हणालो, घड्याळ असेल. का म्हणालो कोण जाणे. ताईचा चेहरा डोळ्यांपुढे आला एवढं खरं. त्याहून वाईट सांगू? ती किंकाळी ऐकताना मला तिचा अभिमान वाटत होता. जन्मात एवढं चांगलं काम मी केलेलं नाही. आणि ते तुम्हाला तेव्हाच कळलं होतं, याचंही मला आत कुठेतरी बरं वाटलं, आणि मग त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली.

शेवटी मी उठून सांगितलं की तो मी. कुणाचा विश्वास बसेना. मग मी ओरडून दाखवलं, बेंबीच्या देठापासून, भिंतीवरचा दातांचा तक्ता हलला. अध्यक्षांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "खोटं वाटतं." तुमचेच शब्द, तुमच्याच चालीवर.

तेव्हापासून माझं जरा विचित्र चाललंय. मंडळींनी ती किंकाळी फोनला लावली आहे, त्यामुळे बाजारात, बँकेत, केस कापताना, कुठेही मी अचानक जिन्यावरून पडतो. लोक फोन उचलतात आणि मी अर्ध्यातच थांबतो. त्याचीही सवय झाली असती. पण आमच्या इमारतीचा जिना उतरताना मला पाठीमागे टक् ऐकू येतं. वळून बघतो तर कुणी नसतं. (एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या काकू होत्या, त्या मला बघून दचकल्या आणि मी त्यांना बघून, त्यांच्या पिशवीतले कांदे खालपर्यंत गेले.) आता मी जिना उलटा उतरतो, तोंड वर करून, कठडा धरून. काकूंनी विचारलं, हा कसला व्यायाम? मी पाठीसाठी असं सांगितलं. तर आता त्याही तसंच उतरतात. सकाळी आम्ही दोघं एकामागोमाग एक पाठमोरे खाली जात असतो आणि तरीसुद्धा, भाऊजी, टक् वाजतं. तेही आता खालून.

पत्र लांबलं. ताईच्या घशाला त्रास झाला असेल, तिला गरम पाणी द्या. डोळ्यांना जपा. कान तर तुमचे शाबूत आहेतच.

तुमचा मेहुणा

ता. क. – आवाजाची निवड येत्या मंगळवारी दुपारी, कंपनीच्या मागच्या जिन्यावर आहे, आणि मी आपलं नाव देऊन आलोय. त्यांनी माइक तळाशी ठेवायचं कबूल केलंय. तुम्ही या, एवढंच मागणं आहे. माझ्यामागे एक पायरी सोडून उभे राहा. मी वळून बघणार नाही आणि तेव्हाचं काही विचारणारही नाही. भाऊजी, मला वज्रछाती व्हायचं आहे आणि तसं मला एकट्याला पडता येत नाही. गोळ्या आणायला विसरू नका.

ता. क. दुसरा – ताई, वरचा ता. क. मोठ्याने वाचू नकोस. त्यांना भिंग दे आणि तू स्वयंपाकघरात जा.

ता. क. तिसरा – वाचलाच असशील, तुला मी ओळखतो. मग एवढं कर. तू वाचत होतीस तेव्हा शेजारच्या खुर्चीतून गोळीचा आवाज येतच असेल. तो कुठल्या ओळीला थांबला, तेवढं मला कळव.