खोली सोडल्याची चिठ्ठी

अण्णा, दापोडीची खोली सोडते आहे. मोशीला स्वतःचा फ्लॅट झाला, चाकणची कंपनी तिथून जवळ पडते, सगळं कसं शहाण्यासारखं आहे. तरी आठ दिवस माझं कशात लक्ष नाही. भांडी बांधते, पुन्हा सोडते. खुंटीवरची तुमची डब्याची पिशवी काढायला हात जातो आणि तसाच मागे येतो. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, पण अजून तुम्ही पहिल्या शिफ्टवरून येता, खिडकीखाली पाय पसरून बसता, कपड्यांना ऑइलचा वास येतो, आणि मी तुम्हाला तिथंच टाकून निघाले आहे असं वाटत राहतं.

सोमवारी घरमालकीण मावशींना सांगायला गेले. आता थकल्यात, पण आवाज तोच. म्हणाल्या, "तू सांगून कसं चालंल? खोली तुज्या बापाची हाय." आणि देवघरातल्या डब्यातून तुमची चिठ्ठी काढली. लातूरकडून आलात तेव्हा इथं ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून तुम्ही आपणहून लिहून दिलेली: खोली सोडताना महिनाभर आधी लेखी कळवीन. खाली तुमची सही, शेवटच्या अक्षराला लांबलचक शेपूट. मावशींना वाचता येत नाही, पण ते शेपूट त्यांना पाठ आहे. "आमी कागद मागितला न्हवता. त्येनं दिला, म्हून जपला. आता सोडल्याचा बी दे, आन् ह्यो घेऊन जा."

लिहायला बसले. तीन कागद फाडले. 'मी खोली सोडत आहे' इथपर्यंत यायचे आणि अडायचे. मी सोडली तर तुम्ही इथंच राहणार, असलं काहीतरी खुळं डोक्यात बसलं होतं. मग सातवीतलं प्रगतिपुस्तक आठवलं. गणितात नापास झाले म्हणून तुमची सही मीच ठोकली होती. तुम्ही हात उगारला नाहीत. शिफ्ट बुडवून मला शाळेत नेलंत आणि सगळ्या वर्गासमोर कबूल करायला लावलंत. "सही केली म्हंजे मानूस सोता तिथं उभा ऱ्हातो, कळालं का?" महिनाभर मी तुमच्याशी धड बोलले नव्हते.

काल चिठ्ठी तुमच्या नावानं लिहिली आणि खाली तुम्हाला उभं केलं. मावशींनी त्या शेपटावरून बोट फिरवलं. त्यांना सगळं समजलं होतं. "आला व्हय सांगायला," एवढंच म्हणाल्या आणि तुमचा जुना कागद माझ्या हातात दिला.

तर पुन्हा तुमची खोटी सही केली, अण्णा. या वेळी कबूल करायला वर्ग नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते. हे पाठवायचं कुठं? तुमच्या डब्याच्या पिशवीत ठेवते. पिशवी मोशीला येते आहे. एक सांगायचं राहिलं. सही पहिल्या झटक्यात हुबेहूब आली. तुम्ही एवढे रागावलात, तरी मी ती गिरवणं कधी सोडलंच नव्हतं.