पदकाच्या कडेवरची नावं

सातारा, ४ फेब्रुवारी १९४६
सदर बझारातल्या या बंगल्यात आज रुजू झाले. खोली उजेडाची, खिडकीशी पेरूचं झाड. दोन आठवडे फौजेतल्या म्हाताऱ्या सर्जनची, कर्नल प्रेस्कट यांची, शुश्रूषा करायची; शुक्रवारी पंधराला ते विलायतेला निघणार. स्वयंपाकीण धोंडुबाईने माझ्या कुंकवाकडे बघून विचारलं, धनी कुठं असत्यात? फौजेत, म्हटलं. "सुट्टी कवा?" तीस वर्षं झाली हे सांगितलं नाही. 'बेपत्ता' एवढंच सरकारी पत्र आलं होतं. बेपत्ता माणसाची बायको कुंकू पुसत नाही.

६ फेब्रुवारी
साहेबांची पदकं रिठ्याच्या पाण्याने घासली. चीन, तिबेट, पहिलं महायुद्ध. प्रत्येकाच्या कडेवर बारीक अक्षरांत त्यांचं नाव कोरलेलं. महायुद्धाचं हातात घेताच ते बोलू लागले. बसऱ्याच्या वर नदीकाठी जखमी शेकड्यांनी, बोट एकच. वाचणार नाहीत त्यांच्या कपाळावर त्यांनी अंगठ्याने आयोडीन लावलं आणि काठावरच ठेवलं. नावं विचारली नाहीत.
हे तिकडेच गेले होते. मी घासत राहिले.

९ फेब्रुवारी
त्या पदकाच्या कडेवर आज साहेबांचं नाव नाही. 'आकाराम' आहे. भर दुपारी पायरीवर एक शिपाई, कपडे ओले, कपाळावर तांबूस ठसा. घाबरून नाव मोठ्याने वाचलं. त्याने मान हलवली आणि फाटकापर्यंत जाता जाता दिसेनासा झाला. कडही कोरी.
धोंडुबाई म्हणाली, "सायबाला रोजच दिसत्यात. पर नाव ठावं न्हाई, मग धाडायचं कसं?"

११ फेब्रुवारी
लालासाहेब. बाळासो. नावं वाचली तसे दोघे गेले. साहेबांना झोप लागली. उठल्यावर म्हणाले, एकच उरलाय. भुवईवर खोक असलेला.
ह्यांच्या भुवईवर—

१२ फेब्रुवारी
अक्षरं उमटली. वाचली नाहीत. पदक पदरात गुंडाळून ठेवलं.

१३ फेब्रुवारी
पायरीवर आहे. वीस वर्षांचा. मी सेहेचाळीस.
ओळखलं नाही मला. "आवं आत्याबाई, पानी देता का वाईच?" तांब्याभर दिलं. तहान जात नाही. माझं कुंकू बघून हसला. "धनी बरं हायती न्हवं?"
व्हय, म्हटलं.

१४ फेब्रुवारी
साहेब उद्या निघणार, पदकंही.
धोंडुबाईला सगळं सांगितलं. ती म्हणते, नवऱ्याचं नाव कुणी घेतं का? ऱ्हाऊ द्या की हितंच. पण कपडे वाळत नाहीत त्याचे— ह्यांचे. थंडीने दात वाजतात. मी म्हटलं तरच—
कधी घेतलं नाही. लग्नात उखाणा घ्यायची वेळ आली तेव्हा चौदा वर्षांची मी पळून गेले होते. सगळ्या हसल्या. हेही.
कुंकू पुसलं. बोट तांबडं झालंय.
दाराशी आले आहेत. आत्याबाई, म्हणताहेत—
आधी नाव लिहून बघते, मग तोंडाने—
ना