टँकरचे आठशे

पूनम सागर, मीरा रोड
१८ एप्रिल १९९३

ती. स्व. अक्कास,
सुभाषचा शि. सा. न. वि. वि.

कुळथाचं पीठ पोचलं. सुचेता म्हणते, वन्संनी पिठासोबत दोन ओळी लिहिल्या असत्या तर काय बिघडलं असतं? मी म्हटलं, आमची अक्का शब्दसुद्धा मोजून खर्च करते.

इथे नळाला पाणी नाही, म्हणून बिल्डिंगसाठी टँकर मागवतो. वर्गणी गोळा करायचं लचांड माझ्याच गळ्यात. परवा निशीला आठशे रुपये देऊन टँकरवाल्या महिपतकडे पाठवलं, तर बाजारात तिची पर्स कुणी मारली. रडत घरी आली. लोकांचे पैसे, अक्का! मी लगेच स्वतःच्या खिशातून भरले. पण तिला बजावलं, ज्याच्या हातून गेलं त्यानं भरायचं. तुझीच शाळा! छत्री हरवली तेव्हा सुट्टीभर काजूच्या बिया वेचायला लावल्या होत्यास. म्हणून तर आज बँकेच्या काउंटरवर माझा एक पैसा इकडचा तिकडे होत नाही.

सुचेता फुगून बसली आहे. दहावीची परीक्षा नुकती संपलेली पोर, जाऊ दे म्हणते. ती निशीला लाडावून ठेवणार, दुसरं काय!

लोभ आहेच, रागावण्याचा हक्कही तुझाच.
तुझा, सुभाष

सावर्डे
२ मे १९९३

चि. सुभाषास अनेक उत्तम आशीर्वाद.

केलंस ते बरोबर केलंस. आईवडिलांमागे तुला वाढवताना मी काजूच्या कारखान्यात हात काळे केले, पण कुणाचं देणं ठेवलं नाही. पैशाची किंमत लहानपणीच कळावी.

एक सांगते, निशीवर ओरडू नकोस. तिनं तुम्हाला न विचारता मला पत्र लिहिलं होतं. आठशे रुपये उसने मागत होती. बाबा धड बोलत नाहीत, पाणी मागितलं तरी टँकर काढतात, असं लिहिलं होतं. मी कळवलं, की उसनं घेऊन उसनं फेडणं म्हणजे एक खड्डा खणून दुसरा बुजवणं. देवानं हातपाय धड दिलेत, मेहनत कर.

पण तूही टोमणे बंद कर. शिस्त लावावी, पोरीला छळू नये. सुचेताला म्हणावं, या खेपेला चांगल्या चार ओळी लिहिल्यात.

सर्वांना आशीर्वाद, मायेत कसर नाही.
अक्का

मीरा रोड
२३ मे १९९३

ती. स्व. अक्कास सा. न.

खुशाली कळवावी असं हे पत्र नाही. निशीच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

मैत्रिणीच्या, मिनलच्या, धाकट्या भावाला शिकवायला जाते असं सांगून ती रोज दुपारी बाहेर पडायची. आम्हीही खूश होतो. प्रत्यक्षात दोघी भाईंदरला एका गाळ्यात जात होत्या. तिथे केसांच्या क्लिपा बनतात. पत्र्याची पट्टी हातानं प्रेसखाली सरकवायची. गुरुवारी प्रेस हातावर आला. मिनल धावत घरी आली, दारात उभी राहून आंटी जल्दी चलो एवढंच म्हणत राहिली.

शुद्धीवर आल्यावर निशीनं पहिलं काय विचारलं असेल? दवाखान्याचा खर्च किती झाला. मी जिन्यात जाऊन ढसाढसा रडलो.

आठशे रुपये मला जड नव्हते गं. त्याच आठवड्यात मी टीव्हीसाठी स्टॅबिलायझर आणला होता. सुचेता काल फक्त एवढं म्हणाली, की पर्स गेली त्या दिवशी पोरीला कुठे लागलं का, हेसुद्धा मी विचारलं नव्हतं.

तू ये. मला काही सुचत नाही.
सुभाष

मीरा रोड
२० जून १९९३

ती. स्व. आत्यास,
निशिगंधाचा सा. न. वि. वि.

डाव्या हातानं लिहितेय, अक्षराला हसू नकोस. मी पास झाले, चौऱ्याहत्तर टक्के! आईनं पेढे आणले, पण वाटायला ती गेलीच नाही, शेवटी मिनलनंच सगळ्या मजल्यांवर वाटले.

तू आठ दिवस मला भात भरवलास आणि एका शब्दानं बोलली नाहीस. त्यापेक्षा रागावली असतीस तर बरं वाटलं असतं. तुझ्यावर माझा राग नाही, खरंच. पत्रात लिहिलंस ते मला पटलं होतं, म्हणून तर मी कामाला गेले.

गाळ्याच्या मालकानं पंधराशे रुपये पाठवले. बाबा पोलिसात जाणार म्हणत होते. पण मग मिनलचं काम गेलं असतं, तिच्या घरी कमावणारं दुसरं कोणी नाही. मी पैसे ठेवून घेतले.

त्यातले आठशे मी बाबांना दिले. त्यांनी हात मागे घेतला. मी त्यांच्या शर्टाच्या खिशात ठेवले, तर सकाळी ते माझ्या उशाखाली होते. काल पुन्हा दिले, तेव्हा न जेवताच बाहेर निघून गेले. आई म्हणते, आता पुरे कर. पण आत्या, पैसे पूर्ण आहेत, एक रुपयाही कमी नाही.

बाबा फक्त तुझंच ऐकतात. त्यांना घ्यायला सांग ना. ते घेत नाहीत तोवर माझी चूक फिटली असं मला वाटतच नाही.

माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.
तुझी, निशी