साक्षीदाराला काही मिळू नये म्हणून

मृत्युपत्र लिहून ठेवणार त्र्यंबक काशिनाथ केळशीकर, वय चौसष्ट, धंदा पुराण सांगणे, राहणार पारनाक्याजवळ, कल्याण. माझी बुद्धी शाबूत आहे. मला मत्सर वाटतो हे खरे, पण मत्सरापायी मृत्युपत्र रद्द होत नाही, असे वकिलांना विचारून घेतले आहे.

१. पारनाक्याजवळचे राहते घर मी स्वकष्टाने बांधले. ते माझ्या पश्चात माझी पत्नी सौ. उत्तरा हिचे, संपूर्ण मालकी हक्काने. आम्हांला मूलबाळ नाही. डोंबिवलीचा माझा पुतण्या चि. मधु याचा या घरावर डोळा आहे. उत्तराच्या उजव्या हाताला महारोग झाला होता, आणि कुष्ठी माणसाला वाटा नाही असे स्मृतीत सांगितले आहे, असे तो भर पंगतीत म्हणाला. वर आणखी, "काका, शास्त्र तुम्हीच शिकवलंत ना?"

शिकवले, पण त्याच्या डोक्यात अर्धेच शिरले. जुने ग्रंथ कुष्ठाचे अठरा प्रकार मानतात, आणि त्यांत गजकर्णही येते. चि. मधु त्या पंगतीत बसल्या बसल्या मांडी खाजवत होता, ती गजकर्णानेच. तेव्हा शास्त्राने वाटा जायचा असेल तर आधी त्याचा जातो. शिवाय यंदाच्या नव्या वारसा कायद्याने रोगापायी कोणाचाच हक्क बुडत नाही.

२. माझ्या सर्व पोथ्या चि. मधूला. पुढचे पान उलटायची सवय लागावी.

३. आता डॉ. सुधीर रेगे, राहणार कोपरी, ठाणे. हे दर मंगळवारी कल्याणला येऊन महारोग्यांना सल्फोनच्या गोळ्या देतात. उत्तराचा हात असा बधिर होता, की उकळत्या आमटीचे पातेले ती नुसत्या हाताने उतरवी आणि फोड आल्यावर तिला कळे. मी तिच्यासाठी सूर्याची उपासना केली. पुराणात त्या उपासनेने एका राजपुत्राचे कुष्ठ गेले. ती कथा मी सांगे तेव्हा बायका डोळे पुसत. हात मात्र होता तसाच राहिला.

मग हे डॉक्टर आले. माझ्यादेखत त्यांनी तिचा हात हातात घेतला. "वहिनी, डोळे मिटा. कापूस लागेल तिथे बोट ठेवा." कित्येक मंगळवार तिने बोट ठेवलेच नाही. एका मंगळवारी ठेवले आणि ओरडली, "अगंबाई, लागलं की हो!" आणि हसली. कोणाकडे बघून? डॉक्टरांकडे. मी शेजारीच छत्री धरून बसलो होतो. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्याकडे बघून ती तशी हसलेली मला आठवत नाही. मंगळवारी ती ठेवणीतले लुगडे नेसते, केसांत अबोलीचा वळेसर असतो. बाकीचे दिवस मी घरातच असतो, तेव्हा वळेसर नसतो.

४. ओसरीवर डॉक्टरांना दवाखान्यासाठी जागा द्यावी, असा उत्तराचा हट्ट आहे. माझ्या पश्चात ती देणारच. मात्र मी पुराण सांगायला बसतो त्या कोपऱ्यात डॉक्टरांची खुर्ची मांडू नये.

५. माझ्या आजोबांचे चांदीचे फुलपात्र डॉक्टरांना द्या, असे उत्तरा म्हणाली. वकील सांगतात, मृत्युपत्रावर जो साक्ष घालतो त्याला त्यातून काही घेता येत नाही. म्हणून मी डॉक्टरांनाच साक्षीला बोलावले. फुलपात्र उत्तराला. पुढे तिने ते स्वतः नेऊन दिले, तर मी पाहायला नसेन.

मुक्काम कल्याण, मंगळवार, ता. २० नोव्हेंबर १९५६.

सही: त्र्यंबक काशिनाथ केळशीकर

साक्षीदार:
१. सहदेव धाकू म्हात्रे, शेजारी
२. डॉ. सुधीर वामन रेगे

साक्षीदार गेल्यावर घातलेली नोंद: सही वाकडी आली आहे, पण ती माझीच. टाक कागदावर टेकवून मी थांबलो, म्हणून उत्तराने आपला उजवा हात माझ्या हातावर ठेवला आणि कानाशी म्हणाली, "किती गार पडलाय हो हात!" तिला कापूस लागतो, पण गार-गरम अजून कळत नाही, असे डॉक्टर मागच्याच मंगळवारी म्हणाले होते. आता कळते. हे मी त्यांना सांगितलेले नाही, आणि उत्तरानेही इतक्यात सांगू नये.