मेणबत्ती विझल्यावर

४ फेब्रु., बुधवार

सकाळी वैशालीचा फोन. नाशिकच्या शाळेत माझी विद्यार्थिनी. आता कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि दर वर्षी ऑनलाइन विज्ञान जत्रा भरवते. दोन दिवस, घरबसल्या. मुलं, आईबाप, आजी-आजोबा, कोणीही. मला रविवार २२ तारखेला सकाळी अकराचा अर्धा तास. अट एकच: सामान स्वयंपाकघरातलं हवं, आणि बघणाऱ्यांनी त्याच वेळी आपापल्या घरी प्रयोग करायचा.

म्हटलं, मला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली.

"बाई, तुमचा तो मेणबत्तीचा प्रयोग अजून डोळ्यासमोर आहे."

बशीत पाणी, पाण्यात मेणबत्ती, वर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. हवेचा एकपंचमांश भाग. एकतीस वर्षं, दर वर्षी सातवीला. झोपेतही करीन.

हो म्हटलं. गॅस-सिलेंडरवाला आजही आला नाही.

७ फेब्रु., शनिवार

वै.ने जाहिरात पाठवली. फोटो जुना आहे, बरा आहे. खाली: "हवेत ऑक्सिजन किती? निकम बाईंसोबत घरीच मोजा!" शुद्धलेखनाच्या दोन चुका. कळवल्या. एक दुरुस्त झाली.

ह्यांनी ती सोसायटीच्या ग्रुपवर, बँकेतल्या निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर आणि माझ्या माहेरी, सगळीकडे टाकली. मला न विचारता. वहिनीचं उत्तर आलं: "ताई आता सगळ्या महाराष्ट्राला दम देणार!"

९ फेब्रु., सोमवार

तालीम. वै. पडद्यावर, मी ओट्याशी, हे फोन धरून.

वै.: "बाई, चेहरा नको, बशी दाखवा."

हे: "मीही कधीचा तेच म्हणतोय."

दुर्लक्ष केलं. शेवटी फोन पिठाच्या डब्याला टेकवून बशीच्या उंचीला उभा केला. प्रयोग नीट झाला. बोलले आठ मिनिटं, एकदाही न अडखळता. वै. म्हणाली, रेकॉर्डिंग एकदा बघून घ्या, सावली कुठे पडते ते कळेल.

१० फेब्रु., मंगळवार

दुपारी रेकॉर्डिंग बघितलं. सावली नाही.

हे शेजारी शेंगा सोलत बसले होते. म्हणाले, "अगं, हे उलटं लागलंय का?"

"काय उलटं?"

"तू म्हणतेस, ऑक्सिजन जळतो तसं पाणी चढतं. इथे मेणबत्ती जळतेय तोवर पाणी जागचं हललेलं नाही. विझली, मग एकदम चढलं."

तुम्हाला काय कळतं विज्ञानातलं, म्हटलं.

"काही नाही. नुसता बघतोय."

पुन्हा लावलं. मग पुन्हा. ज्योत असताना पाणी स्थिर. उलट ग्लासाच्या काठाखालून दोन बुडबुडे बाहेर पडतात. ज्योत विझते, धूर होतो, आणि नंतर पाणी सरसर वर.

ऑक्सिजन हळूहळू संपत असेल तर पाणीही हळूहळूच...

भाजी करपली.

११ फेब्रु., बुधवार

सकाळी बशीत तीन मेणबत्त्या चिकटवल्या. ग्लास तोच, म्हणजे हवा तेवढीच, ऑक्सिजनही तेवढाच. पाणी सारखंच चढायला हवं होतं. जवळजवळ दुप्पट चढलं. तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच.

म्हणजे ऑक्सिजन संपल्यामुळे नाही. ज्योतीने हवा तापते, फुगते, थोडी काठाखालून निसटते. तेच बुडबुडे. ज्योत विझली की राहिलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. मेणबत्त्या जास्त, तर हवा जास्त तापलेली, पाणी जास्त वर. यात एकपंचमांश वगैरे काही नाही. योगायोगाने कधी तेवढंच भरत असे, एवढंच.

मला हे एकतीस वर्षं दिसलं कसं नाही? उत्तर सोपं आहे. ग्लास उपडा घातला की मी वर्गाकडे वळायचे. साठ मुलं, मागच्या बाकावर काही ना काही चाललेलंच. "इकडे लक्ष द्या!" म्हणून ओरडायचे आणि माझी स्वतःची ग्लासाकडे पाठ. वळून बघेपर्यंत मेणबत्ती विझलेली असे, पाणी चढलेलं असे. आधी काय झालं, नंतर काय, ते मी कधी पाहिलंच नाही.

१२ फेब्रु., गुरुवार

वै.ला फोन करून सगळं सांगितलं. मग म्हणाली, "बाई, मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"एम.एस्सी.ला असताना कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला? बाई, मी अजून तुमच्या फोनवर उभी राहून बोलते."

आत्ताही उभी होती म्हणे. मला हसू आलं नाही.

ती म्हणते, प्रयोग बदलू. लिंबू आणि सोडा घ्या, फुगा फुगवा, मुलांना आवडतं, कोणाच्या लक्षातही येणार नाही. दोन दिवसांत कळवा.

१३ फेब्रु., शुक्रवार

एकाच मुलीने मला सांगितलं होतं. हरसूलला, माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. सुमन गावित. सातवी, पहिला बाक, दोन वेण्या, वहाणा नसायच्या. ग्लासाला नाक लावून बसलेली.

"बाई, मेणबत्ती इझली, मंग पाणी चढलं."

म्हटलं, पुस्तकात काय लिहिलंय ते वाच. तिने वाचलं. पुन्हा म्हणाली, "पण बाई, मंग चढलं." वर्ग हसला. मी सत्तावीस वर्षांची, नवी, वर्ग हातातून जातोय असं वाटलं. तिला बाहेर उभं केलं आणि "ऑक्सिजन संपतो म्हणून पाणी चढते" हे पन्नास वेळा लिहून आणायला लावलं.

आणलं. अक्षर चांगलं होतं. मी शेरा दिला: छान.

त्यानंतर तिने वर्गात काही विचारल्याचं आठवत नाही.

१४ फेब्रु., शनिवार

वै.ला कळवलं: प्रयोग तोच. जाहिरातीतली ती ओळ काढ.

हे म्हणाले, "तू चुकलीस असं तू सांगणार? सगळ्यांसमोर? थांब, मी आधी फोन चार्जिंगला लावतो."

मग जरा वेळाने, नीट: "जाऊ दे ना गं. चाळीस वर्षांपूर्वीचं. कोणाला आठवतंय?"

मला आठवतंय.

१६ फेब्रु., सोमवार

हरसूलचे शिंदे सर आता नाशिक रोडला राहतात. त्या वेळी गणित शिकवायचे. फोन केला.

"गावित? अहो निकम बाई, हरसूलला प्रत्येक बाकावर दोन गावित होते."

"सुमन. सातवीत होती. ग्लासात नाक खुपसणारी."

"बघतो."

संध्याकाळी नंबर आला. सुमन सुरगाणा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. म्हणजे शिकली. बरं वाटलं. किती, ते लिहीत नाही.

१७ फेब्रु., मंगळवार

सुमनला तीनदा फोन लावला, दुपारी लागला. मागे मुलांचा कालवा, ताटांचा आवाज. खिचडीची सुट्टी असावी.

"कोण निकम बाई?" मग एकदम, "हरसूलच्या? बाई! थांबा, बाहेर येते. ए, गप रे सगळे!"

आवाजात तीच खणखण. मी चौकशी केली. मुलगा नाशिकला नोकरीला, मुलगी डी.एड. झाली, नवऱ्याची भातशेती. जे सांगायला फोन केला ते तोंडातून बाहेर आलं नाही. एवढंच म्हटलं, रविवारी अकराला माझा ऑनलाइन कार्यक्रम आहे, बघ.

"रेंज नाय इथं बाई. टेकडीवर चढावं लागतं."

"मग राहू दे."

"तुम्ही सांगितलंय तर चढते ना!"

यापेक्षा नाही म्हणाली असती तर सोपं गेलं असतं.

२० फेब्रु., शुक्रवार

काय बोलायचं ते लिहून काढलं. दीड पान. फाडलं. पुन्हा लिहिलं, चार ओळी. पाठ केल्या. ह्यांच्यापुढे म्हणून दाखवल्या. म्हणाले, "आवाज जरा कमी कर, माफी मागतेस की शिक्षा करतेस ते कळत नाही."

२२ फेब्रु., रविवार

झालं. आठवतं तसं लिहून ठेवते.

पडद्यावर चौकोनच चौकोन. कुठे ओटा, कुठे जेवणाचं टेबल, एकाची गच्ची. मालेगावचं एक कुटुंब, त्यांच्या मागे यंत्रमागांचा खडखडाट; त्यांना माईक बंद करायला सांगितलं. एका आजोबांचा प्रश्न: "मेणबत्ती नाही, पणती चालेल का?" चालेल. एका घरात कुकरची शिट्टी झाली आणि सगळी मुलं हसली. दम दिला नाही.

कोपऱ्यात एक काळा चौकोन: सुमन गावित. कॅमेरा बंद.

मी म्हटलं, मी काही सांगणार नाही. ग्लास उपडा घाला आणि डोळे ग्लासावरून हलवू नका. माझ्याकडे तर अजिबात बघू नका. मीही या वेळी ग्लासाकडेच बघितलं.

एक चिमुरडी ओरडली, "आई, विझल्यावर चढलं!" मग दुसऱ्या घरातून तेच, तिसऱ्यातून तेच. पणतीवाले आजोबा: "आमचंही."

मग तीन मेणबत्त्यांचा प्रयोग. मग कारण. आणि मग त्या चार ओळी: मी एकतीस वर्षं याचं चुकीचं कारण शिकवलं. पुस्तकात होतं म्हणून, आणि मी स्वतः पाहिलं नाही म्हणून. हरसूलला सातवीतल्या सुमन गावित या मुलीने मला बरोबर सांगितलं होतं. मी तिला बाहेर उभं केलं आणि चुकीचं उत्तर पन्नास वेळा लिहायला लावलं. सुमन, तू बरोबर होतीस, तुझी माफी मागते.



एका बाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मी थांबवल्या. एक गृहस्थ म्हणाले, "बाई, मीही परीक्षेत हेच लिहून पैकीच्या पैकी घेतलेत. परत करू का?" त्यावर सगळे हसले. मीही.

हसणं संपलं तेव्हा कोपऱ्यातला काळा चौकोन नव्हता.

रेंज गेली असेल.

वै.चा मेसेज: बाई, आज मी बसून ऐकलं.

२३ फेब्रु., सोमवार

सुमनचा फोन नाही. मीही केला नाही. तिचं तिला ठरवू दे. कपाट आवरलं, तिन्ही खण.

हे दोनदा विचारून गेले. दुसऱ्यांदा नुसतंच दारात उभे राहिले.

२४ फेब्रु., मंगळवार

चार वाजता फोन आला. टेकडीवरून, वारा ऐकू येत होता.

"बाई, परवा रेंज नाय गेली. मीच बंद केला."

म्हटलं, बरोबर केलंस. रागावण्याचा हक्क आहे तुला.

"राग नाय वो बाई. घाबरले मी."

"कशाला?"

"मी बी तेच शिकवते ना. अठ्ठावीस वर्षं. ऑक्सिजन संपतो म्हणून पाणी चढतं. पन्नास वेळा लिहिलंय, पुस्तक उघडायला लागत नाय मला. दर वर्षी एखादं पोरगं म्हणतं, बाई, विझल्यावर चढलं. मी म्हणते, गप बस."

माफीचं जे काही तयार केलं होतं ते सगळं एका चुकीसाठी होतं. ही तर अजून चालू होती, डोंगरात, माझ्याच शब्दांत.

"तुला तर दिसलं होतं, सुमन. स्वतःच्या डोळ्यांनी."

"दिसलं होतं. पण तुम्ही 'छान' लिहिलंत ना वहीत. मला वाटलं, माझेच डोळे चुकले."



मग म्हणाली, "बाई, एक काम करा. तुम्ही या शाळेत. मी सांगितलं तर पोरं म्हणतील, बाई चुकल्या. तुम्ही आलात तर म्हणतील, बाईंच्या बाई चुकल्या!" आणि हसली. मोकळी हसली की कशी, ते फोनवर कळलं नाही.

"येते. पण मी सांगणार नाही. प्रयोग तू करायचास, मी पोरांत बसणार."

"बसा की. खाली सतरंजीवर बसावं लागंल."

"बसेन."

"आणि जी पोरं मोठी झाली ती, बाई? अठ्ठावीस वर्षांतली? काही द्राक्षाच्या बागांवर, काही गुजरातला. एक तर मास्तरच झालाय, पेठला. त्यांना कोण सांगायचं?"



माफ केलं असं ती म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

२५ फेब्रु., बुधवार

उद्या सकाळची सुरगाण्याची गाडी. हे येतो म्हणाले; नको म्हटलं, मग या म्हटलं. ते मागच्या रांगेत बसतील आणि काहीतरी दिसलं की बोलतील, तेवढंच हवं आहे.

पिशवीत: काचेचे दोन ग्लास, वर्तमानपत्रात गुंडाळून. मेणबत्त्या चार. बशी नको, सुमनकडे आहे.

दुपारी तिचा मेसेज आला. पेठच्या त्या मास्तरला तिने फोन लावला होता. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला,

"असं कसं, बाई? पुस्तकात तर..."