काचेवरचा ठिपका

१८ जून २०१६
मशीन आली! छापते, झेरॉक्स काढते, स्कॅनही करते. वरोऱ्याहून एटापल्लीपर्यंत एसटीत मांडीवर घेऊन आली, ह्यांनी हात नाई लावला. म्हणे, "शाळेत आहे ना, मग घरी काऊन?" शाळेतली कधी चालते? माझ्या बापाले जातीच्या दाखल्यापायी तीन वर्षं फिरवलं. एका झेरॉक्सपायी दिवस जायचा. माझ्या दारातून कोणी कागदावाचून परत जाणार नाई. बस.

४ ऑगस्ट २०१६
अर्धं गाव येऊन राह्यलं. "बाई, एक काहाडून द्या." हे म्हणतात, घर आहे का तहसील? मले आवडते. खोटं काऊन बोलू.

२७ एप्रिल २०१९
निकालपत्रकात दोन पोरांचे गुण उलटे पडले. व्हाइटनर लावला, वरून लिहिलं, सुकायच्या आत कॉपी मारली. सायबांची गाडी दारात उभी होती. मशीन आता दोन-दोन कागद ओढते. पाठीवर थाप मारली की चालते. ह्यांच्यासारखीच.

११ जुलै २०१९
चैतूभाऊ टोल्यावरून, गावाबाहेरच्या वस्तीवरून पायी आले. त्यांची पोरगी जयवंती माझ्या हाताखाली शिकलेली, बारावी झाली, नर्सिंगले नंबर लागला! जात पडताळणीच्या फायलीसाठी तिच्या आज्याचा शाळेचा दाखला पाहिजे, तोच एक पुरावा. बांबूच्या नळीतून काढला. नळी चुलीवर टांगून ठेवतात, वाळवी लागत नाई म्हणून. कागद तंबाखूच्या पानासारखा. तीन सेट काढून, पिन मारून दिले. मशीन लय कुरकुरली. मीही.

२ सप्टें. २०१९
फाइल परत. "जातीच्या रकान्यात नोंद दिसत नाही." चैतूभाऊ पत्र घेऊन आले. कॉपी पाहिली, रकाना पांढराफट्ट. मग मी बोलली. लय बोलली. "धुरानं खाल्लं अक्षर, भाऊ! कागद का मासोळी आहे, चुलीवर वाळवायले?" ते खाली पाहून म्हणाले, "चुकलं बाई." नळी काखेत मारून गेले.

३० ऑक्टो. २०१९
मुदत संपली. जयवंतीची सीट गेली. वाईट वाटलं. पण या लोकांनीही कागद सांभाळायले शिकलं पाहिजे. किती दिवस दुसऱ्याच्या भरवशावर?

१२ जाने. २०२१
निळा रंग बंद. कॉपीत कोपऱ्याकडे एक कोरी जागा राह्यते. म्हातारपण, दुसरं काय. हे म्हणतात, फेक. नाई फेकत.

९ फेब्रु. २०२४
बाबांच्या जुन्या दाखल्याची कॉपी काढली. आडनावच गायब. मूळ कागदावर ठळक आहे.
झाकण उघडलं. काचेवर कोपऱ्यात नखाएवढा पांढरा ठिपका. खरवडला. निघाला. व्हाइटनर.
मोठ्या कागदात तिथी समास येते, म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नाई. जुने दाखले लहान असतात. बाबांचा. जयवंतीच्या आज्याचा.
ही वही मागं चाळली. २७ एप्रिल. मग ११ जुलै.
अव मायवं. धूर नव्हता.

११ फेब्रु.
टोल्यावर गेली. जयवंती नाई, मिरची तोडायले तेलंगणात गेली. चार वर्षं झाली, दर साल जाते. चैतूभाऊंनी नळी खाली काढली. मी बोलली तेव्हाही काखेतच होती ना! एकदा उघडायले सांगितली असती. त्यांले वाचता येत नाई, माझ्या शब्दावर भरवसा ठेवला, पुन्हा कोणाले दाखवलाच नाई कागद. "बाईनं पाह्यला ना," म्हणे.
रकान्यात 'गोंड'. काळंभोर अक्षर.
"सुधरलं का बाई?" त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, "हो, आता दिसून राह्यलं. मशीनवर नवी कॉपी काढून देते."
थू माझ्यावर.

१५ फेब्रु.
चैतूभाऊ गावभर सांगून राह्यले, बाईच्या मशीननं धुरातलं अक्षर बाहेर काढलं. बाजारात एक म्हातारी पाया पडली. धरणीनं पोटात घ्यावं असं झालं.
ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "आता कशाले उकरते? तिचं काम होऊन राह्यलं ना." चिडवलं नाई. चिडवलं असतं तर बरं झालं असतं.
'या लोकांनी' लिहिलं होतं मी. मी! माझ्या बापालेही टेबलापलीकडून असंच बोलत असतील.

२१ फेब्रु.
नवी फाइल. नर्सिंगच्या वयात बसते अजून पोरगी. पण पहिली कॉपी कोरी काऊन होती, याचं निवेदन जोडावं लागते. चैतूभाऊ म्हणाले, "लिहा ना बाई, आमच्या हातून खराब झाला होता. मी अंगठा देतो."
टाइप केलं. 'आमच्या निष्काळजीपणामुळे.' छापलंही. त्यांनी अंगठ्याले शाई लावली, तेव्हा कागद ओढून घेतला. "मशीनची शाई फिकी आली भाऊ, दुसरा काढून ठेवते."
फिकी नव्हती.

२६ फेब्रु.
जयवंती आली. बोटं मिरचीनं सोललेली. बसली नाई. मूळ दाखला अन् २०१९ ची कॉपी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.
"बाई, धूर असा गोल नाई खात."
मी दोन्ही कागद पाहिले.
"कुठी होतं?"
झाकण उघडलं, काचेवर बोट ठेवलं. "इथी."
"केव्हापासून माहीत हाय तुमाले?"
"सतरा दिवस."
"बाबाले सांगतलं?"
"नाई."
चार दिवसांपासून हातानं लिहून ठेवलेलं दुसरं निवेदन तिले दिलं. 'चूक अर्जदाराची नाही, माझ्या मशीनची आहे.' तिनं वाचलं. म्हणाली, "मशीनची?"
मी पेन घेतला. 'माझ्या मशीनची' वर रेघ मारली, 'माझी' लिहिलं, खाली पुन्हा सही केली.
तिनं टाइप केलेलंही मागितलं. दिलं. "बाबाले दोन्ही वाचून दाखवते," म्हणाली. चहा तसाच राह्यला.
फाइल पुढच्या सोमवारी जाते. कोणता कागद लावतील, माहीत नाई. चैतूभाऊ लय भले आहेत, त्याचंच भेव वाटते.